उघड्या डोक्याचा पहिला नंबर

"तू त्या बैठकीला जाऊ नकोस, तेजू," आई म्हणाली.

ती न्हाणीत पाय लांब सोडून पाटावर बसली होती आणि त्या पायांवर माझी गार्गी पालथी पडली होती. गार्गी आठ महिन्यांची झाली तरी आई तिला तशीच न्हाऊ घालायची. पाणी फार कढत नाही ना, नाकात जात नाही ना, असं मी दारातून विचारत होते, आणि आई मला उत्तरच देत नव्हती. शेवटी दिलं ते हे.

"का जाऊ नको? मला बोलावलंय त्यांनी."

"बोलावणारच. पेपरात फुटबॉलच्या बातम्या लिहीत होतीस लग्नाआधी. पण तू तिथं बातमी लिहायला जात नाहीयेस. मला कळतं तुझ्या चेहऱ्यावरून."

"दहा वर्षांतले दहा खेळाडू निवडायचेत फक्त."

"त्यात तो असणार."

"असू दे की."

आईनं तांब्या खाली ठेवला. "हे बघ, त्याचं चांगलं कर, वाईट कर, काय करायचं ते कर. पण ज्या मैदानावर आज तू वैर घेऊन जाशील, त्याच मैदानावर उद्या हिला खेळायचंय."

मी हसले. मला खरंच हसू आलं. "हिला? मुलगी आहे ती, आई. फुटबॉल?"

"का? पाय आहेत की तिला."

गार्गीनं नेमकं त्याच वेळी पाणी उडवलं आणि आईचं लुगडं पार भिजलं. मी टॉवेल घेऊन पुढं झाले, लेकीचे कान पुसले, छातीला घरघर लागलीय का ते कान लावून ऐकलं, आणि आईचं बोलणं त्या टॉवेलबरोबर दोरीवर टाकून दिलं.

आमची चिंचबन तालीम मूळची कुस्तीची. फुटबॉल मागाहून आला आणि इतका मुरला, की कोल्हापुरातल्या इतर पेठांसारखं आमच्याही पेठेत पोरगं चालायला लागायच्या आधी लाथ मारायला शिकतं. पण मातीचे रिवाज कुणी मोडले नाहीत. पोरगं तालमीत दाखल झालं, की वस्ताद त्याला दुसऱ्या एका नवख्या पोराबरोबर आखाड्यात उतरवतात. दोघांच्या कपाळाला तांबडी माती लावतात. ते दोघं तिथून पुढं जन्माचे जोडीदार. पुढं एकानं बूट घालून मैदान गाजवलं आणि दुसऱ्यानं वडापावची गाडी टाकली, तरी जोड सुटत नाही.

माझा मोठा भाऊ जयदीप आणि धैर्यशील इंगवले हे दोघं असे एकाच नागपंचमीला मातीत उतरले होते.

धैर्यशील आमच्याच घरी वाढला म्हटलं तरी चालेल. दुपारी दादाच्या ताटात जेवायचा, माझी वेणी ओढायचा. मी त्याला धैर्यादादा म्हणायचे, अरे-तुरे करायचे. दादा पुढच्या फळीत, धैर्यशील मधल्या फळीत. एकानं चेंडू द्यायचा, दुसऱ्यानं जाळ्यात घालायचा. मग गोव्याच्या एका क्लबचा माणूस आमच्याकडं खेळाडू बघायला येणार अशी बातमी आली. त्याला इथून एकच पोरगा न्यायचा होता. आणि तो जयदीप असणार हे चौकातल्या शेळीलासुद्धा माहीत होतं.

तो यायच्या दोन दिवस आधी सराव चालला होता. मी कॉलेजातून येताना कुंपणाच्या कोपऱ्यावर थांबले, दादाची पाण्याची बाटली घरी राहिली होती ती द्यायला. सरावाचा सामना, आपापसातला. दादा चेंडू घेऊन सुटला. समोर धैर्यशील. सगळे चेंडूकडं बघत होते. मला लहानपणापासून सवय आहे, मी चेंडूकडं बघत नाही, माणसांकडं बघते. धैर्यशीलनं मान वळवून मागं बघितलं. मागं रेषेबाहेर रंगराव वस्ताद होते. ते चहाच्या किटलीकडं वळलेले, पाठमोरे. तेवढं बघून धैर्यशील घसरत गेला, आणि चेंडू केव्हाच पुढं गेलेला असताना त्याचे दोन्ही पाय दादाच्या गुडघ्यावर आदळले.

आवाज अजून येतो मला. ओली काटकी मोडावी तसा.

मी वस्तादांना सांगितलं. त्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या पायरीवर. वस्ताद खाली बघत राहिले. म्हणाले, "पोरी, मी बघितलं न्हाई. जे मी बघितलं न्हाई, ते घडलं असं कसं म्हणू?" धैर्यशीलच्या चुलत्यानं, म्हणजे तालमीचे अध्यक्ष आप्पा इंगवले यांनी, माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, की मैदानातलं पोरीबाळींनी बोलू नये, पेठेत फूट पडते. दादाला सांगितलं तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं. माझं खरं मानलं की नाही, ते कळलंच नाही. धैर्यशील गोव्याला गेला. तीन मोसम गाजवून परत आला, पेठेचा कप्तान झाला, तोंडभर हसत चौकात गाडी लावायला लागला. दादा शिरोलीच्या फौंड्रीत गेटवर वजनकाट्याला बसला. ट्रक येतात, तो आकडा वाचतो, ट्रक जातात. तालमीच्या चौकातून जायला लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं घरी यायचा, पाय ओढत.

आणि त्या दिवसापासून मी धैर्यशीलला अहो-जाहो करते.

बैठक तालमीच्या माडीवर होती. मी गार्गीला कडेवर घेऊनच गेले. जिना अरुंद, कठडा हलता, मी भिंतीला धरून चढले. वर आप्पा इंगवले लोडाला टेकलेले, शेजारी शौकतभाई बागवान, ज्यांनी जन्मात एक सामना चुकवला नाही, आणखी तीन-चार जुनेजाणते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत रंगराव वस्ताद. ते फार थकले होते. हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"या या, पेठेची लेक आली!" आप्पा म्हणाले. "बाळाला दे हिकडं."

"नको. झोपेला आलीय."

ती टक्क जागी होती.

संघाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल दसऱ्याला समारंभ होता. गेल्या दहा वर्षांतले दहा खेळाडू, क्रमानं. पहिल्याला मानाचा फेटा, आणि दहाही जणांचे फोटो तालमीत कायमचे लागणार. सुरुवात झाली ती सिकंदर मुजावरच्या नावानं. तो गोलकीपर असल्यामुळं सगळे आधी पटकन हो म्हणाले आणि मग कितवा ह्यावर भांडायला लागले.

"सिकंदर दुसरा तरी पाहिजे," शौकतभाई म्हणाले. "फायनलला दोन पेनल्ट्या अडवल्या त्यानं, बोट मोडलेलं असताना."

"बोट मोडलेलं नव्हतं, मुरगळलं होतं."

"तुझं मुरगळून बघू का?"

मग सॅमी. नायजेरियाचा तो उंच पोरगा, दोन मोसम आमच्याकडून खेळलेला. बाहेरचा खेळाडू पेठेच्या यादीत धरायचा का, ह्यावर माडी डोक्यावर घेतली लोकांनी.

"बाहेरचा कसला?" शौकतभाई तावातावानं उठले. "माझ्या घरी तांबडा रस्सा प्यायलाय तो, वाटी तोंडाला लावून! गणपतीत हलगीवर नाचलाय. पेठेचा आणि कसा असतो? शेपूट असतं का पेठेच्या माणसाला?"

"नोंदणी दोनच मोसमांची हाय त्याची."

"मग पाचवा घाला. पण घाला."

सॅमी पाचवा झाला. वस्ताद खिडकीबाहेर बघत होते. गार्गी माझ्या खांद्यावरून त्यांच्या काठीकडं टक लावून बघत होती. बाकीची नावं ठरत आली आणि पहिलं राहिलं. खोली एकदम अवघडली. कुणी माझ्याकडं बघेना. आप्पांनी घसा साफ केला.

"आता तेजू, तुला म्हणून सांगतो. जयदीपला दहावा घालू. दोनच मोसम खेळला या दहा वर्षांत, तरी घालू. तुझ्या वडलांच्या मागं तुमच्या घराचा मान राहावा म्हणून."

म्हणजे धैर्यशीलच्या पहिल्या नंबरावर मी तोंड उघडू नये म्हणून. गार्गीला मी इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली.

"जयदीपला यादीत घालू नका," मी म्हणाले. "उपकाराचा दहावा नंबर त्याला नको. आणि पहिला नंबर धैर्यशील इंगवले यांचा. माझं मत तिथं मांडा."

शौकतभाईंचा चहाचा कप तसाच हवेत राहिला. आप्पांनी डोळे बारीक केले.

"तू म्हणतीयास हे?"

"गोव्यात जाऊन नाव काढलं. परत येऊन तालमीला करंडक दिला. डाव्या पायाचा पास असा दुसऱ्या कुणाचा आहे या गावात? असेल तर सांगा, त्याला पहिला घालू."

ते खरंच होतं. त्याचा पास बघून अजूनही माझ्या अंगावर काटा यायचा आणि त्याच काट्यानं मला त्याचा जास्त राग यायचा.

"शाब्बास!" आप्पा खुलले. "खेळाला खेळ म्हणणारी पोरगी हाय. शिकल्याचा उपयोग झाला."

तेव्हा खिडकीतून वस्ताद पहिल्यांदा बोलले. "फेटा कोण बांधणार?"

"तुम्हीच बांधा, वस्ताद," आप्पा म्हणाले. "तुमच्याइतका मोठा कोण हाय?"

"मानाचा फेटा जोडीदार बांधतो. मी न्हाई बांधत."

"अहो पण जयदीप येतोय कुठं चौकात?"

"धैर्यशीलनं घरी जाऊन सुपारी द्यायची. रिवाज तसा हाय. जोडीदार आला तर फेटा. न्हाई तर न्हाई."

आप्पांनी माझ्याकडं पुन्हा एकदा बघितलं, जरा जास्त वेळ. मी गार्गीचं टोपडं नीट करत होते.

धैर्यशील दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दादाची सुट्टी होती, तो पडवीत पाय लांब करून बसला होता. मी आत पेज ढवळत होते, ती तशीच ठेवून बाहेर आले. कारण गार्गी पडवीत सतरंजीवर होती आणि मी बाहेर येईपर्यंत धैर्यशीलनं तिला उचललंही होतं.

"आली का मामाकडं! बघ जया, पकड बघ हिची." गार्गीनं त्याच्या गळ्यातली सोनसाखळी मुठीत धरली होती. "गोलकीपर होणार ही."

माझे दोन्ही हात पुढं झाले होते. ते मी मागं घेतले नाहीत.

"द्या तिला. तिची पेज झालीय."

"देतो गं. खाणार आहे का मी?" तो हसला. "मलाबी मुलगी झाली, कळलं का? गेल्या महिन्यात. राजनंदिनी नाव ठेवलंय. दोघींना एकाच दिवशी मातीत उतरवूया की. आप्पा काय म्हणायचं ते म्हणू देत."

मी गार्गीला घेतलं. तिच्या मुठीतून साखळी सोडवताना माझी बोटं त्याच्या गळ्याला लागली. आई आतून चहा घेऊन आली, माझ्याकडं न बघता कप ठेवून गेली.

"तू मला पहिला बसवलंस म्हणे," धैर्यशील मला म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "मला खरं वाटंना. मला वाटायचं, तू अजून..."

"खेळ तुमचा चांगलाच होता."

"अहो-जाहो काय करतीस गं?"

मी गार्गीला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्यानं खिशातून सुपारी काढली, पुढं वाकून दादाच्या पुढ्यात धरली. "जया. ये. झालं गेलं किती वर्षं घेऊन बसायचं? खेळात लागतं. तुला लागलं, उद्या मला लागलं असतं."

दादा त्या सुपारीकडं बघत होता, वजनकाट्यावरच्या आकड्याकडं बघतो तसा. मग त्यानं ती घेतली.

धैर्यशीलची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि दादा म्हणाला, "पहिला नंबर तू ह्यासाठी दिलास."

"कशासाठी?"

"फेट्याच्या आधी त्याला मला विचारावं लागणार, म्हणून."

मी पेजेचा चमचा फुंकत होते. पेज केव्हाच गार झाली होती.

तो रिवाजाचा शेवटचा तुकडा. पेठेत सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच कुणी ऐकत नाही. फेटा बांधून घ्यायच्या आधी मान मिळालेल्यानं आखाड्यातली चिमूटभर माती जोडीदाराच्या कपाळाला लावायची आणि विचारायचं, "माझ्या हातून तुला काही लागलं असलं, तर आत्ता बोल." जोडीदारानं म्हणायचं, "मातीत गेलं." मग फेटा. लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तसं सगळे ते म्हणून टाकतात. 'मातीत गेलं' सोडून दुसरं काही कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण प्रश्न आहे तो. आणि ह्या पेठेत मला कुणी तो विचारू दिला नव्हता, म्हणून मी तो त्यालाच विचारायला लावणार होते, सगळ्या चौकापुढं.

"त्यानं विचारावं," मी म्हणाले, "आणि तू बोलावंस."

"मी काय बोलायचं ते तू ठरवायचं न्हाईस, तेजू."

"मी बघितलंय, दादा. माझ्या डोळ्यांनी."

"माहीत हाय मला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते कबूल केलं. मी चमचा खाली ठेवला.

"मग भिंतीकडं तोंड का केलंस तेव्हा?"

"त्यानं मागं बघितलेलं मीबी बघितलं होतं," दादा म्हणाला. "समोरच होतो की मी त्याच्या. चेंडू सोडून बाजूला झालो असतो तर पाय वाचला असता. पण तो असं करेल असं वाटलंच न्हाई. तेवढ्यात गेलं सगळं."

तो उठला आणि पाय ओढत आत गेला. आईनं त्याला वाट दिली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर तेच न्हाणीतलं वाक्य होतं. मी मान फिरवली.

दसऱ्याला चौक माणसांनी फुलला होता. झेंडूची तोरणं, हलग्या, आणि तालमीच्या दारावर धैर्यशीलचा हात वर केलेला एवढा मोठा फ्लेक्स. हलगीचा आवाज सोसणार नाही म्हणून गार्गीच्या कानात मी कापूस घातला होता, आणि तो तिनं काढून तोंडात घालू नये म्हणून तिचे दोन्ही हात एका हातात धरले होते. मी मुद्दाम कडेला, पायरीवर उभी राहिले. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

नऊ जणांचे फेटे झाले. ते साधे, कुणीही बांधायचे. सिकंदरचा बांधताना शौकतभाई रडले. सॅमीच्या फोटोलाच फेटा बांधला, तेवढ्यात त्याचा नायजेरियातून व्हिडिओ कॉल आला, तो त्याच्याच तोंडानं "चांगभलं!" म्हणाला आणि चौक उसळला. मग आप्पांनी माइकवरून जयदीपचं नाव घेतलं. हलगी थांबली.

दादा घरातल्या पांढऱ्या शर्टात आला. गर्दीनं वाट दिली. पाय ओढल्याचा तो आवाज, फरशीवर, सगळ्यांना ऐकू येत होता, आणि लोक खाली बघायला लागले होते. वस्ताद पहिल्या रांगेत खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीवर. दादा व्यासपीठावर धैर्यशीलच्या समोर उभा राहिला, धैर्यशीलची पाठ वस्तादांकडं झाली, आणि दादाच्या हातात केशरी फेट्याचं कापड दिलं. धैर्यशीलनं परातीतली माती चिमटीत घेतली, दादाच्या कपाळाला लावली आणि माइकमध्ये हसत, भराभर म्हणाला, "माझ्या हातून तुला काही लागलं असलं तर आत्ता बोल!"

त्याचं डोकं खालीही गेलं, फेट्यासाठी.

दादा कापड हातात धरून तसाच उभा राहिला.

"म्हण की बाबा," आप्पा बाजूनं पुटपुटले. माइक चालू होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मातीत गेलं म्हण."

"म्हणतो," दादा म्हणाला. "मला मातीत घालायचंच हाय ते, धैर्या. पण आधी काय घालायचं ते तरी सांग. त्या दिवशी पाय चेंडूला घातलास, का मला?"

धैर्यशीलनं डोकं वर केलं. हसू तसंच राहिलं होतं, नुसतं तोंडावर. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि उत्तर द्यायच्या आधी त्यानं मान वळवून मागं बघितलं.

तशीच. तितकीच. कुंपणाच्या कोपऱ्यावरून मी बघितली होती तीच मान, तोच अर्धा खांदा. वस्ताद बघतायत का, ते बघायला.

ह्या खेपेला वस्ताद बघत होते. जाड चष्म्यातून, सरळ त्याच्याकडं.

"चेंडूलाच!" धैर्यशील म्हणाला. पण फार उशीर झाला होता.

वस्ताद उठले. त्यांना उठायला वेळ लागला, कुणी हात द्यायला गेलं तर त्यांनी काठीनं बाजूला सारलं. दादापाशी आले. त्याच्या हातातलं फेट्याचं कापड काढून घेतलं आणि घडी घालायला लागले. एक घडी, दुसरी, कडा जुळवून, अगदी सावकाश. चौकात पोरगंसुद्धा रडेना.

"वस्ताद, हे काय?" आप्पांचा आवाज फाटला.

"तेव्हा मी बघितलं नव्हतं," वस्ताद म्हणाले. "आता बघितलं."

घडी केलेला फेटा त्यांनी काखेत मारला आणि दुसऱ्या हातानं दादाचा हात धरला. दादा पाय ओढत होता, वस्ताद काठी टेकत होते, दोघं त्या गर्दीतून तालमीच्या दारापर्यंत गेले. मी धैर्यशीलकडं बघत राहिले. उघड्या डोक्यानं तो व्यासपीठावर उभा होता, मागं स्वतःचाच हात वर केलेला फ्लेक्स. त्याची नजर सगळीकडं फिरून माझ्यावर आली. मी नजर काढली नाही. माझ्या आयुष्यात पोटभर जेवल्यासारखं वाटलेली ती एकच संध्याकाळ. गार्गीनं कानातला कापूस ओढून काढला होता आणि तो चघळत होती, मला पत्ताही नव्हता.

यादी कुणी बदलली नाही. मीच बदलू दिली नसती. पहिला तो होता आणि पहिलाच राहिला. तालमीच्या भिंतीवर दहा फोटो लागले, नऊ फेटेवाले आणि सगळ्यात वरचा उघड्या डोक्याचा. आप्पांनी धैर्यशीलच्या लग्नातला फेट्याचा फोटो आणून दिला होता, वस्तादांनी तो परत पाठवला. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, पहिल्याला फेटा का नाही? आणि कुणीतरी सांगतं. मी माहेरी गेले की पहिल्यांदा तालमीत जाते. नमस्काराला नाही, तो फोटो आहे ना, ते बघायला.

आता मी गुजरातेत आहे. नवऱ्याची बदली झाली, इथल्या शाळेचा घोळ, धाकटा अजून माझ्या कडेवर. म्हणून गार्गीला दोन वर्षं आईकडं ठेवलंय. नऊची झाली. पाय आहेतच तिला. तालमीनं मुलींचा संघ काढला, तेव्हा दादानंच तिला बोटाला धरून नेलं. नागपंचमीला वस्तादांनी, आता त्यांना पुरतं दिसतही नाही, तिच्या कपाळाला माती लावली. त्या रात्री दादाचा फोन आला.

"जोडीदार कोण?" मी विचारलं.

"राजनंदिनी."

"कोण राजनंदिनी?"

मला माहीत होतं कोण. त्यालाही ते माहीत होतं. मग म्हणाला, "वस्तादांनी विचारलं चालेल का. मी म्हटलं, चालेल. आणि तू येऊन कुंपणाजवळ उभं राहायचं न्हाईस, तेजू. पोरींना खेळू दे."

मुलींना शिकवायला धैर्यशीलच असतो. उन्हाळा असो, थंडी असो, डोक्यावर टोपी असते म्हणे. असू दे. गार्गी फोनवर सांगते, सर फार चांगले आहेत. राजनंदिनी फार चांगली आहे, मला पास देते, आम्ही दोघीपण जिल्ह्याच्या निवडीला जाणार. पण आई, तिथं दोघींतली एकच घेणार आहेत.

दादानं बजावलंय, मला तिकडं जायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं कधी कोल्हापुरात येणं झालं, तर संध्याकाळी चिंचबनच्या मैदानावर जा. कुंपणाच्या कोपऱ्यावर उभे राहा, तिथून सगळं दिसतं. दोन वेण्यांची, मोजे सारखे खाली घसरणारी, ती माझी. तिच्याकडं लक्ष ठेवा. चेंडूकडं बघू नका. तिच्यासमोर जी पोरगी येईल तिच्याकडं बघा. पाय घालायच्या आधी ती मान वळवून मागं बघते का, तेवढंच बघा.

आणि बघत असली, तर तिथूनच ओरडा.